स्टेशन हिसकावलं गेलं, पण रॉकेट त्याचंच लागलं... व्लादिमीर चेलोमेईची गोष्ट

३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा अंतराळात गेले, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. सोयुझ टी-११ या यानातून गेले, हेही काहींना आठवतं. पण वर जाऊन ते राहिले कुठे? तर तेव्हा सल्यूत-७ नावाचं सोव्हिएत स्पेस स्टेशन पृथ्वीभोवती फिरत होतं. शर्मांचा आठवडाभराचा मुक्काम तिथंच होता.

हे स्टेशन काही वर जाऊन तुकडे जोडून बांधलेलं नव्हतं. १९ टनांहून जास्त वजनाचा तो अख्खा डबा १९ एप्रिल १९८२ रोजी एका रॉकेटने एका झटक्यात वर नेला होता. त्या रॉकेटचं नाव प्रोटॉन.

ज्या माणसाने हे रॉकेट बनवलं, आणि त्या डब्याचा मूळ आराखडाही ज्याच्याकडून घेतला होता, तो तेव्हा मॉस्कोजवळच्या रेउतोव्ह गावातल्या आपल्या संस्थेत होता. वय ६९. अंतराळाचं काम बंद करा, असा सरकारी हुकूम त्याला दोन वर्षांपूर्वीच मिळाला होता. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो गेला.

त्याचं नाव व्लादिमीर चेलोमेई.

आज त्याची गोष्ट सांगायचं कारण म्हणजे, सध्या खासगी कंपन्या स्वतःची स्पेस स्टेशनं उभारायच्या मागे लागल्यात. आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन या दशकाच्या अखेरीस निवृत्त करायचं ठरलंय, त्यामुळे त्याची जागा कोण घेणार यासाठी शर्यत लागलीय. व्हॅस्ट या अमेरिकन कंपनीने आपलं हेवन-१ हे छोटं स्टेशन फाल्कन-९ रॉकेटमध्ये मावेल असंच बनवलंय. स्टारलॅबवाल्यांनी स्टारशिप निवडलं, कारण त्यांना अख्खं स्टेशन एकाच फेरीत वर न्यायचंय.

आपण घराचं सामान हलवताना आधी सामान बघतो आणि मग टेम्पो ठरवतो. स्पेस स्टेशनचं उलटं असतं. आधी टेम्पो ठरतो आणि मग त्यात मावेल एवढंच घर बांधावं लागतं. रॉकेट किती वजन उचलतं, त्याच्या टोकावर किती रुंद डबा बसतो, आणि ते किती वेळा फसतं, या तीन गोष्टींवर स्टेशनचं नशीब ठरतं.

हे ज्याच्या अख्ख्या आयुष्यात दिसतं, तो माणूस म्हणजे चेलोमेई.

इंजिनाचा आवाज आणि तिसाव्या वर्षी कारखाना

चेलोमेईचा जन्म ३० जून १९१४ चा. गाव सेडलेत्स. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. आईवडील दोघंही शिक्षक. पोरगं काही महिन्यांचं होतं तेव्हाच पहिलं महायुद्ध पेटलं आणि कुटुंबाला गाव सोडून युक्रेनमधल्या पोल्तावाला जावं लागलं. पुढे १९२६ मध्ये ते कीव्हला आले. तिथंच त्याने विमानविद्येचं शिक्षण घेतलं आणि १९३७ मध्ये पदवी मिळवली.

त्याचा आवडीचा विषय होता कंपनं. एखादं यंत्र थरथरतं म्हणजे नेमकं काय होतं, आणि ती थरथर कामाला कशी लावायची, यात तो रमायचा. ही आवड शेवटपर्यंत टिकली. कंपन दिलेल्या उभ्या दांड्यावर धातूची चकती खाली न पडता मध्येच कशी तरंगते, यासारख्या प्रयोगांवर त्याने अगदी उतारवयातही, १९८३ मध्ये, शोधनिबंध लिहिला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो मॉस्कोतल्या विमान इंजिनांच्या संस्थेत कामाला होता. तिथे त्याने १९४२ मध्ये पल्सजेट इंजिन बनवलं. हे इंजिन सलग जळत नाही. धडधड करत स्फोटामागून स्फोट होतात आणि त्या धक्क्यांवर ते पुढं जातं.

जून १९४४ मध्ये जर्मनीने लंडनवर व्ही-१ नावाचे उडते बॉम्ब सोडायला सुरुवात केली. त्या बॉम्बमध्ये असंच पल्सजेट इंजिन होतं. सोव्हिएत सरकारने शोधाशोध केली, की आपल्याकडे असलं काही जमणारा माणूस आहे का. तर होता. वय फक्त ३०.

लढाऊ विमानं बनवणारा नामांकित डिझायनर पोलिकार्पोव्ह त्याच वर्षी जुलैमध्ये वारला होता. त्याचा कारखाना चेलोमेईच्या हातात दिला गेला. तिसाव्या वर्षी हा माणूस थेट मुख्य डिझायनर झाला.

पहिला फटका

पण त्याचे उडते बॉम्ब काही सैन्याच्या पसंतीस उतरेनात. नेम नीट लागत नव्हता. आठ-नऊ वर्षं तो त्यात सुधारणा करत राहिला आणि फेब्रुवारी १९५३ मध्ये सरकारने त्याची संस्थाच बंद केली. कारखाना आणि माणसं मिग विमानं बनवणाऱ्या मिकोयानच्या संस्थेकडे गेली.

चेलोमेईकडे उरलं काय, तर मॉस्कोच्या बाउमन इन्स्टिट्यूटमधलं शिकवण्याचं काम.

दुसरा कोणी असता तर प्रोफेसर म्हणून निवृत्त झाला असता. पण याने एका छोट्या प्रश्नावर डोकं लावलं. तेव्हा पाणबुडीवरून क्रूझ मिसाईल सोडायचं म्हणजे मोठा खटाटोप असायचा. पाणबुडी पाण्यावर आणायची, मिसाईल बाहेर काढायचं, त्याचे पंख उघडायचे, मग डागायचं. तोवर शत्रूला पाणबुडी दिसायची. चेलोमेईने सुचवलं, की मिसाईल पंख मिटलेल्या अवस्थेत नळीतच ठेवायचं. नळीतून बाहेर पडल्या पडल्या पंख आपोआप उघडतील.

नौदलाला हे पटलं. १९५५ मध्ये त्याला रेउतोव्हमध्ये पुन्हा स्वतःची संस्था मिळाली. तिचं नाव ओकेबी-५२. पी-५ हे मिसाईल यशस्वी झालं आणि चेलोमेईचा भाव वधारला.

ख्रुश्चेव्हचा पोरगा

१९५८ मध्ये चेलोमेईच्या संस्थेत एक तरुण इंजिनिअर कामाला लागला. मिसाईलच्या दिशादर्शक यंत्रणेवर तो काम करायचा. नाव सर्गेई ख्रुश्चेव्ह. बाप सोव्हिएत युनियनचा सर्वेसर्वा निकिता ख्रुश्चेव्ह.

आता यातून काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. चेलोमेईला कारखाने मिळाले, पैसा मिळाला, मोठमोठी कामं मिळाली. १९६० मध्ये मॉस्कोच्या फिली भागातली बॉम्बर विमानं बनवणारी मोठी संस्था त्याची शाखा झाली. स्पुटनिक आणि गागारिन ज्याच्या रॉकेटवर गेले त्या सर्गेई कोरोलेव्हला अचानक एक तगडा प्रतिस्पर्धी उभा राहिला.

पण नुसत्या ओळखीवर रॉकेट उडत नाही. १ नोव्हेंबर १९६३ ला चेलोमेईचा पोल्योत-१ हा कक्षा बदलू शकणारा उपग्रह वर गेला. तो गेला कोरोलेव्हच्या रॉकेटवरून, कारण चेलोमेईचं स्वतःचं रॉकेट अजून तयार नव्हतं. उपग्रह आपला आणि रॉकेट दुसऱ्याचं, म्हणजे तारीख दुसऱ्याच्या हातात.

रेल्वेच्या रुळांनी ठरवलेलं रॉकेट

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चेलोमेईने यूआर-५०० नावाच्या मोठ्या रॉकेटचा प्रस्ताव मांडला. ख्रुश्चेव्हला ते महाकाय अणुबॉम्ब टाकण्यासाठी हवं होतं. चेलोमेईच्या डोक्यात मात्र त्यासोबत अंतराळही होतं.

अडचण वेगळीच होती. रॉकेट बनणार मॉस्कोच्या फिलीत आणि उडणार कझाकस्तानातल्या बायकोनूरहून. मध्ये दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर. वाहतूक रेल्वेने. आणि रेल्वेवरून साधारण ४.१ मीटरपेक्षा जाड टाकी जात नव्हती.

मग त्यांनी काय केलं, तर मधली ऑक्सिडायझरची टाकी बरोबर ४.१ मीटरची ठेवली. इंधनाच्या सहा बारीक टाक्या वेगळ्या बनवल्या. प्रत्येकीच्या खाली एक इंजिन. सगळे भाग रेल्वेने न्यायचे आणि बायकोनूरला मधल्या टाकीभोवती जोडायचे. प्रोटॉनचे फोटो बघून अनेकांना वाटतं, की बाजूला सहा बूस्टर लावलेत. ते बूस्टर नाहीत, इंधनाच्या टाक्या आहेत, आणि त्या उडताना गळून पडत नाहीत.

इंजिनांची गोष्टही भांडणातूनच आलेली. वॅलेंतिन ग्लुश्को हा इंजिनांचा बादशाह. त्याला असं इंधन हवं होतं जे साध्या तापमानाला साठवता येतं आणि ऑक्सिडायझरला स्पर्श होताच पेटतं. रशियात त्याला हेप्टिल म्हणतात. ते अत्यंत विषारी असतं. कोरोलेव्हला माणसं नेणाऱ्या रॉकेटमध्ये हे विष नको होतं. त्याला केरोसिन आणि द्रव ऑक्सिजन हवा होता. दोघांचं बिनसलं आणि ग्लुश्को आपली इंजिनं घेऊन चेलोमेईकडे आला. कोरोलेव्हला चंद्रावर जाणाऱ्या एन-१ रॉकेटसाठी दुसऱ्याकडून इंजिनं घ्यावी लागली. ते एन-१ चार वेळा उडालं आणि चारही वेळा फसलं.

दोन दिवसांत राजा रंक

ऑक्टोबर १९६४. चेलोमेईने आपल्या सहकाऱ्यांपुढे एक नवी कल्पना मांडली. अंतराळात माणसं असलेला लष्करी तळ. त्यातून दुसऱ्या देशांवर नजर ठेवायची. नाव अल्माझ, म्हणजे हिरा. तारीख होती १२ ऑक्टोबर.

१४ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्हची हकालपट्टी झाली.

ख्रुश्चेव्हच्या मर्जीतला माणूस म्हणून सगळ्यांच्या नजरा चेलोमेईकडे वळल्या. त्याच्या कामांची चौकशी झाली. यूआर-२०० हे त्याचं दुसरं रॉकेट बंद करण्यात आलं. पण शास्त्रज्ञ केल्दिशच्या समितीने मोठं यूआर-५०० मात्र वाचवलं. आता बॉम्बसाठी नाही, तर अंतराळासाठी.

१६ जुलै १९६५ ला ते पहिल्यांदा उडालं आणि बारा टनांचा प्रोटॉन नावाचा वैज्ञानिक उपग्रह घेऊन गेलं. त्या उपग्रहाचंच नाव पुढे रॉकेटला चिकटलं.

त्याच वर्षी चेलोमेईला आणखी एक फटका बसला. चंद्राला फेरी मारून येणारं यान बनवायचं काम त्याच्याकडे होतं. ते काढून कोरोलेव्हला दिलं. पण त्या यानाला उचलायला तयार असलेलं रॉकेट एकच होतं, प्रोटॉन. सप्टेंबर १९६८ मध्ये झोंद-५ हे यान कासवं घेऊन चंद्राला वळसा घालून परत आलं. यान कोरोलेव्हच्या संस्थेचं, रॉकेट चेलोमेईचं.

यान दुसऱ्याचं आणि रॉकेट याचं, हा प्रकार यापुढे त्याच्या नशिबी वारंवार आला.

घरच पळवलं

जुलै १९६९ मध्ये अमेरिका चंद्रावर उतरली. सोव्हिएत नेत्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. अमेरिका स्कायलॅब नावाचं स्पेस स्टेशन बनवतेय, हेही सगळ्यांना माहीत होतं.

चेलोमेईच्या अल्माझचे सांगाडे तोवर तयार होते. आतली यंत्रणा मात्र रखडली होती. त्याने सगळं एकदम परिपूर्ण मागितलं होतं. हेरगिरीचा प्रचंड कॅमेरा, स्वसंरक्षणाला तोफ, माणसं आणि सामान नेणारं टीकेएस नावाचं स्वतःचं यान. या सगळ्याला वेळ लागत होता.

तेव्हा कोरोलेव्हच्या संस्थेतल्या काही इंजिनिअरांनी एक शक्कल लढवली. कोरोलेव्ह स्वतः १९६६ मध्येच वारला होता. त्यांनी सुचवलं, की चेलोमेईचा तयार सांगाडा घेऊ, त्यात आपल्या सोयुझ यानाची चाचणी झालेली यंत्रणा बसवू, आणि प्रोटॉनवरून उडवून देऊ. हा प्रस्ताव घेऊन ते गेले दिमित्री उस्तिनोव्हकडे. संरक्षण उद्योगाचा हा सर्वोच्च नेता, आणि चेलोमेईशी त्याचं अजिबात पटत नव्हतं.

फेब्रुवारी १९७० मध्ये सरकारी आदेश निघाला. चेलोमेईचे सांगाडे दुसऱ्यांना देण्यात आले. त्याच्याच फिली शाखेतली माणसं त्या कामाला लावली.

जेमतेम चौदा महिन्यांत, १९ एप्रिल १९७१ ला सल्यूत-१ वर गेलं. जगातलं पहिलं स्पेस स्टेशन. सांगाडा चेलोमेईचा, रॉकेट चेलोमेईचं, श्रेय दुसऱ्याचं. जूनमध्ये तीन अंतराळवीर तिथं तीन आठवडे राहिले. परतताना यानातली हवा निसटून तिघंही गेले. तो दिवस होता ३० जून १९७१, चेलोमेईचा ५७ वा वाढदिवस.

एकाच रॉकेटवर अवलंबून राहायची किंमत

आता प्रोटॉन म्हणजे काही सोन्याचं अंडं देणारी कोंबडी नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत ते वारंवार फसायचं. १९६९ च्या मार्च-एप्रिलमध्ये मंगळाकडे निघालेली दोन यानं प्रोटॉनमुळेच गेली. २९ जुलै १९७२ ला दुसरं सल्यूत स्टेशन घेऊन निघालेलं प्रोटॉन कक्षेत पोचलंच नाही. अख्खं स्टेशन गेलं.

एकाच फेरीत पूर्ण स्टेशन न्यायचं, याचा फायदा मोठा असतो. जमिनीवर सगळं जोडून, तपासून पाठवता येतं. वर माणसांना पाने घेऊन बसावं लागत नाही. पण ती एक फेरी फसली की सगळंच जातं. आज एका फेरीत अख्खं स्टेशन पाठवू पाहणाऱ्या कंपन्यांसमोर हाच हिशोब आहे.

चेलोमेईचं पहिलं खरं अल्माझ ३ एप्रिल १९७३ ला गेलं. ते लष्करी आहे हे लपवायला त्याला सल्यूत-२ नाव दिलं. रॉकेटने काम चोख केलं, पण काही दिवसांतच स्टेशनमधली हवा गळाली आणि ते वाया गेलं. जून १९७४ मध्ये सल्यूत-३ या नावाने दुसरं अल्माझ गेलं. हे चाललं. दोन अंतराळवीर तिथं राहून आले. जानेवारी १९७५ मध्ये, आत कोणी नसताना, त्यावरची २३ मिलिमीटरची तोफ खरोखर डागण्यात आली. तोफ सांगाड्याला पक्की बसवलेली, त्यामुळे नेम धरायला अख्खं स्टेशन वळवावं लागायचं. १९७६ मध्ये सल्यूत-५ गेलं.

आणि मग थांबलं. माणसं पाठवून हेरगिरी करण्यापेक्षा कॅमेरे लावलेले उपग्रह स्वस्त पडतात, हे अमेरिकेला आधीच कळलं होतं. उस्तिनोव्ह १९७६ मध्ये संरक्षणमंत्री झाला. १९७८ मध्ये माणसं असलेलं अल्माझ बंद झालं. डिसेंबर १९८१ मध्ये चेलोमेईच्या संस्थेचं अंतराळाचं कामच थांबवण्यात आलं आणि फिलीची शाखा ग्लुश्कोच्या संस्थेला जोडली गेली. कधीकाळी इंजिनं घेऊन याच्या दारात आलेला हाच तो ग्लुश्को.

चेलोमेईची एक इच्छा राहूनच गेली. त्याच्या टीकेएस यानातून, त्याच्याच प्रोटॉनवर बसून माणूस कधीच अंतराळात गेला नाही. टीकेएस मार्च १९८३ मध्ये सल्यूत-७ ला जाऊन जोडलं गेलं, पण रिकामं. राकेश शर्मा पोचले त्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट.

शेवट

१९८४ च्या अखेरीस चेलोमेईच्या घराजवळ त्याची स्वतःचीच मर्सिडीज घरंगळली आणि त्याच्या पायावर आली. दवाखान्यात उपचार चालू होते. पण रक्ताची गुठळी झाली आणि ८ डिसेंबर १९८४ ला तो गेला. बारा दिवसांनी, २० डिसेंबरला, उस्तिनोव्हही गेला.

दोघांचं भांडण तिथं संपलं. रॉकेट मात्र चालूच राहिलं.

तो गेल्यावर

२० फेब्रुवारी १९८६ ला मीर स्टेशनचा मुख्य भाग वर गेला. प्रोटॉनवरून. पुढच्या दहा वर्षांत त्याला क्वांत, क्वांत-२, क्रिस्ताल, स्पेक्त्र आणि प्रिरोदा ही मॉड्यूल जोडली गेली. पाचही प्रोटॉनवरून. यातल्या नंतरच्या चारांचा सांगाडा होता चेलोमेईच्या टीकेएसवरून घेतलेला.

२० नोव्हेंबर १९९८ ला आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनचा पहिला तुकडा, झार्या, वर गेला. पैसे अमेरिकेचे, बांधकाम फिलीचं, मूळ आराखडा टीकेएसचा, रॉकेट प्रोटॉन. १२ जुलै २००० ला झ्वेझ्दा गेलं. रशियाकडे तेव्हा पैशांची इतकी चणचण होती की त्या प्रोटॉनवर पिझ्झा हटची जाहिरात रंगवली होती. आणि २१ जुलै २०२१ ला नाऊका हे मॉड्यूल गेलं. सल्यूत-१ पासून मोजलं तर पन्नास वर्षांहून थोडं जास्त.

या सगळ्या मॉड्यूलचा आकार जवळपास एकच. जास्तीत जास्त रुंदी ४.१ मीटरच्या आसपास, वजन वीस टनांच्या आसपास. कारण प्रोटॉन तेवढंच नेतं, आणि रेल्वेवरून तेवढंच येतं. अंतराळवीर ज्या खोलीत झोपतात, तिची रुंदी जमिनीवरच्या रुळांनी ठरवलीय.

अमेरिकेचं उलटं उदाहरणही बघा. १९७३ मध्ये त्यांनी स्कायलॅब पाठवलं ते सॅटर्न-५ वरून. रुंदी ६.६ मीटर. सल्यूतपेक्षा कितीतरी ऐसपैस. पण सॅटर्न-५ बनवणं बंद झालं होतं. तयार असलेलं दुसरं स्कायलॅब शेवटी वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये जाऊन बसलं. लोक तिथं त्याच्या आत फिरून यायचे.

त्यानंतर अमेरिकेने शटल वापरलं. शटलच्या पोटातून गेलेल्या मॉड्यूलला स्वतःचं इंजिन लागत नव्हतं. शटल त्यांना दारापर्यंत सोडायचं आणि यांत्रिक हाताने जोडायचं. प्रोटॉन मात्र सामान कक्षेत सोडून मोकळं व्हायचं. म्हणून झार्या आणि झ्वेझ्दाला स्वतःची इंजिनं, इंधन आणि सौरपंखे घेऊनच जावं लागलं. शटल २०११ मध्ये निवृत्त झालं. आज खासगी कंपनीला मोठं मॉड्यूल पाठवायचं असेल, तर ते कक्षेत सोडल्यावर स्वतः चालत जाणारं हवं, नाहीतर ओढून नेणारं दुसरं यान हवं. चेलोमेईने हा प्रश्न टीकेएसमध्ये अर्ध्या शतकापूर्वी सोडवला होता.

खासगी स्टेशनवाले आणि चेलोमेईचे डबे

खासगी कंपन्यांचा आणि या गोष्टीचा थेट संबंधही आहे. एक्सकॅलिबर अल्माझ नावाच्या कंपनीने चेलोमेईच्या जुन्या परतीच्या कुप्या आणि अल्माझचे दोन न वापरलेले सांगाडे विकत घेतले. २०११ च्या जानेवारीत ते सांगाडे ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर आणले गेले. पर्यटकांना अंतराळात न्यायचं स्वप्न होतं. पुढे काहीच झालं नाही. घर होतं, पण वर न्यायचा खर्च परवडेना.

बिगेलो या अमेरिकन कंपनीने उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांनी आधी स्वस्त रॉकेट शोधलं. जुन्या सोव्हिएत अणु-मिसाईलपासून केलेलं दनेप्र. मग त्यात मावेल असं, वर गेल्यावर फुग्यासारखं फुगणारं छोटं मॉड्यूल बनवलं. जेनेसिस-१ जुलै २००६ मध्ये आणि जेनेसिस-२ जून २००७ मध्ये गेलं. दोन्ही चालली.

एकाकडे तयार स्टेशन होतं, ते बेटावर पडून राहिलं. दुसऱ्याकडे छोटा फुगा होता, तो कक्षेत फिरला.

आणि आपल्याकडे?

चेलोमेईची रेउतोव्हची संस्था पुढे एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया या नावाने ओळखली जाऊ लागली. अंतराळाचं काम गेलं तरी समुद्रावरच्या क्रूझ मिसाईलचं काम तिच्याकडे राहिलं. १९९८ मध्ये या संस्थेने भारताच्या डीआरडीओसोबत एक कंपनी काढली. जून २००१ मध्ये त्यांच्या मिसाईलची पहिली चाचणी झाली. ते मिसाईल म्हणजे ब्रह्मोस. नळीत ठेवायचं आणि नळीतूनच डागायचं, या पी-५ च्या काळापासूनच्या घराण्यातलं.

आज प्रोटॉनचे दिवस संपत आलेत. चारशेपेक्षा जास्त उड्डाणं झाली. २०१३ मध्ये एक प्रोटॉन कॅमेऱ्यांसमोरच उलटं होऊन कोसळलं, कारण त्यातले सेन्सर उलटे बसवले होते. हेप्टिलच्या विषाचा त्रास कझाकस्तानच्या माळरानाला झाला तो वेगळाच. कोरोलेव्हचा त्या इंधनावरचा आक्षेप चुकीचा नव्हता.

पण एक गोष्ट चेलोमेईच्या बाजूने राहिली. संस्था हिसकावता आली, सांगाडे हिसकावता आले, श्रेय हिसकावता आलं. वीस टनांचा डबा कक्षेत न्यायची वेळ आली, की प्रत्येक वेळी सगळ्यांना त्याच्याच रॉकेटपाशी यावं लागलं. आता खासगी कंपन्यांची स्टेशनं येतील, त्यांची चकचकीत चित्रं तुमच्या फीडमध्ये दिसतील. आतल्या खिडक्या, सोफे, लाकडी भिंती सगळं मस्त दिसेल. ते बघताना फक्त एवढंच तपासा, की हे वर कोणतं रॉकेट नेणार आहे आणि ते रॉकेट आज उडतंय का.